भुईआवळ्याचा काढा

सोलापूरला जायचं नाही, हे लिंबाजीआबांनी येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या दिवशी जेवताना सांगून टाकलं, आणि त्यावर कुणी काही बोलायच्या आत ते हात धुवायला उठले.

येळवस झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं, असं ठरलं होतं. दवाखान्याची तारीख धाकट्या मुलानं, रणधीरनं, मिळवली होती. ढोकीच्या कारखान्यात नोकरी, त्यात गाळपाचा हंगाम भरात, तरी तो साहेबाच्या मागं लागून रजा काढून आला होता. आबांच्या लिव्हरमध्ये गाठ होती आणि ती कॅन्सरची होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी आबांना समोर बसवून, कागदावर चित्र काढून सगळं सांगितलं होतं. जांघेतल्या नसेतून बारीक नळी सारत सारत गाठीपर्यंत न्यायची, तिथंच औषध सोडायचं आणि गाठीला रक्त नेणारी वाट बुजवून टाकायची. गाठ एकच आहे, कावीळ चढलेली नाही, पोटात पाणी धरलेलं नाही, तोवर हे करता येईल. नंतर त्यांच्याही हातात फारसं राहणार नाही.

आबांना हे सगळं नीट समजलं होतं. घाबरून नाही म्हणावं, असाही त्यांचा स्वभाव नव्हता. भूकंपात सास्तूर एका रात्रीत जमीनदोस्त झालं तेव्हा ढिगाऱ्यातून माणसं ओढून काढलेला तो माणूस. नळीचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्यांच्या मनात दुसरंच होतं, आणि ते त्यांनी बायकोला, विठाबाईलाही सांगितलं नव्हतं.

ते होतं नातीचं काम. थोरल्या अमरसिंहची मुलगी सृष्टी पुण्याला औषधशास्त्रात संशोधन करत होती. मागच्या पावसाळ्यात तिचा फोन आला होता, "आबा, आपल्या बांधावरचा भुईआवळा पाठवाल का? एकाच रानातला हवाय." पाऊस उघडला की आबा बांधावर बसत. बारीक पानांखाली मोहरीएवढी फळं धरलेली रोपं तेवढी मुळासकट उपटत. शेणाच्या जागेजवळची नाही, फवारणी झालेल्या पिकालगतची नाही. घरी आणून धुवून सावलीत वाळवली आणि पोत्यात भरून एसटीनं पुण्याला धाडली. त्यांच्या पिकाला आजवर आडतीवर भाव मिळाला होता, पण असं कुणी मागून नेलं नव्हतं.

दिवाळीत सृष्टी आली तेव्हा तिनं सांगितलं की त्या पाल्याच्या अर्कानं लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी मेल्या. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी. आबांनी विचारलं, मग आता पुढं काय? ती म्हणाली, "आधी काच, मग उंदीर, मग माणूस. माणसापर्यंत जायला पंधरा-पंधरा वर्षं जातात आबा, आणि बहुतेक औषधं वाटेतच गळतात." त्यानंतर थोड्याच दिवसांत आबांची सोनोग्राफी झाली. घरात रडारड झाली. आबा मात्र त्या रात्री अंथरुणावर पडून हिशेब करत होते. पाला आपल्या बांधावरचा. पोरगी आपली. आणि रोगही नेमका तोच, आपल्याच अंगात. देवानं तिन्ही गोष्टी एका घरात उगाच आणल्या असतील का?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काढा सुरू केला होता.

---

येळवशीच्या सकाळी सगळे रानात आले. ज्वारी पोटरीत आली होती, हरभऱ्याला घाटे धरत होते. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी अमरसिंहनं आदल्या दिवशीच उभी केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा झाली. राजेश्वरी, म्हणजे अमरसिंहची बायको, भज्जीचं, म्हणजे येळवशीच्या मिश्र भाजीचं, मोठं पातेलं निवाऱ्याला सरकवत होती. विठाबाई केळीच्या पानावर बाजरीचे उकडलेले उंडे मांडत होती. आबा बाभळीखाली घोंगडीवर बसले होते आणि त्यांच्या मांडीशी स्टीलचा थर्मास होता.

रणधीर येऊन समोर उकिडवा बसला.

"आबा, काल झोपेत बोललाव का शुद्धीवर?"

"तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, दादानं तुमच्या डोक्यात भरलंय."

अमरसिंह कोपीवरची शाल सारखी करत होता. त्यानं मान वळवली. "म्या काय भरलं? घरात औषध हाय. माझ्या पोरीनं काढलंय. तरी म्हाताऱ्याला नळ्या खुपसून घ्यायला पाठवू व्हय?"

"तुझ्या पोरीला इचारलंस का?"

"तिला काय इचारायचं? बक्षीस काय उगं दिलं तिला?"

"बक्षीस पोस्टरला दिलं, दादा. भिंतीवर लावायच्या कागदाला. तू त्याच्यावर गावभर फ्लेक्स लावलास."

हे खरं होतं. कुठल्याशा परिषदेत सृष्टीच्या पोस्टरला बक्षीस मिळालं आणि आठवड्याच्या आत सास्तूरच्या स्टँडवर फ्लेक्स झळकला. लिव्हरच्या कॅन्सरवर औषधाचा शोध लावल्याबद्दल गावच्या कन्येचं हार्दिक अभिनंदन. खाली अमरसिंहच्या मित्रांचे गॉगल लावलेले फोटो. मध्ये भुईआवळ्याचं चित्र हवं होतं, तिथं फ्लेक्सवाल्यानं मोठ्या आवळ्याचं झाड छापलं होतं. तेवढ्यावरून एक जण लोणच्याचे आवळे घेऊन घरी आला होता आणि किती खायचे म्हणून विचारून गेला होता.

"तुला जळण हाय फ्लेक्सची," अमरसिंह म्हणाला.

"मला जळण न्हाय, भ्या हाय. उद्याची तारीख गेली की पुन्ना कवा मिळंल ते सांगता येत न्हाय. तवर गाठ बसून ऱ्हाईल व्हय, तुझा फ्लेक्स वाचत?"

"तू कारखान्यात उसाचा रस काढतूस. तुला लिव्हरचं काय कळतंय?"

"सणाचं रानात येऊन भांडू नगा," विठाबाई म्हणाली. "आत लक्ष्मी बसलीया. अन् रणधीर, पाल्याला नावं ठिवू नगंस. माझ्या भावाची कावीळ ह्याच पाल्यानं उतरली. डोळे हळदीवानी झाले व्हते."

"आई, कावीळ येगळी, ही गाठ येगळी."

"एकाच जागची हाईत की दोनी."

रणधीरनं चुलीकडं पाहिलं. "वहिनी, तुमी तरी काय बोला."

राजेश्वरीनं मान वर केली नाही. "मला भज्जीत मीठ घालायचंय, भावजी. मामांची बिगरमिठाची आधी काढून ठिवते." आणि तिनं एका वाडग्यात आबांची भज्जी वेगळी काढून त्यावर ताट झाकलं. मीठ बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आबांनी ते वाडगं पाहिलं. सून कुणाच्या बाजूनं आहे, हे त्यांना तेवढ्यावरून कळलं.

अमरसिंहलाही कळलं असावं. तो मोटारसायकल घेऊन पुण्याहून येणाऱ्या सृष्टीला आणायला स्टँडवर निघून गेला.

---

सृष्टी आली ती सरळ आबांपाशी. पाया पडली, आणि पडता पडताच त्यांची खालची पापणी अंगठ्यानं ओढून डोळे पाहिले.

"काय, बैल पारखतीस व्हय?" आबा म्हणाले.

"बैल असता तर ऐकला असता. उद्या किती वाजता निघायचं?"

 चुलीतली तुराटी तेवढी तडतडली.

"म्याच फोन केला व्हता तिला," राजेश्वरी म्हणाली. ती नवऱ्याकडं न पाहता म्हणाली, पण ते त्याच्यासाठीच होतं. "मामा जाणार न्हाईत म्हणून सांगितलं न्हाय. येळवशीला ये, एवढंच म्हनलं."

सृष्टीनं थर्मास उचलला, झाकण फिरवलं आणि वास घेतला. तो वास तिला ओळखावा लागला नाही.

"कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापस्नं," आबा म्हणाले. "सकाळ-सांज गिलासभर. तुझ्या पोत्यातलाच, मागं ठिवलेला. साफ हाय."

आबांना वाटलं होतं, ती हरखेल. निदान हसेल. तिनं झाकण लावलं, थर्मास होता तिथं ठेवला आणि ओढणीला हात पुसले. ती लहान असताना गणित चुकलं की अशीच गप्प होत असे. आबांना काही उमगेना.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी इचारलं न्हाय."

"त्यांनी इचारलं व्हतं," रणधीर म्हणाला. "म्या तिथं व्हतो. आबा म्हनले, काय घेत न्हाय."

तेवढ्यात बांधावरून हाक आली. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात मोटारसायकलची किल्ली धरून शरणबसप्पा येत होते. जळकोटचे. बैलबाजारात आबांची आणि त्यांची तीस-चाळीस वर्षांची ओळख. येळवशीला रानात कुणीही यावं, पान मांडलं जातंच. पण जळकोटहून इतक्या लांब कुणी जेवायला येत नाही.

"या शरणबसप्पा," आबा म्हणाले. "तुमच्या रानात येळवस न्हाय व्हय?"

"हाय की. पोरं हाईत तिथं." ते बसले. पाणी प्याले. तांब्या खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. "आमच्या मंडळीचं, लक्ष्मीचं सांगायला आलो. तिलाबी तुमच्यावानीच निघालं. लिव्हरचं."

विठाबाईच्या हातातला उंडा तसाच राहिला. "कवा?"

"दसऱ्याच्या मागं-मोरं. सोलापूरचंच बोलावणं व्हतं, ते नळीचं. मग बाजारात अमरसिंह भेटला. त्यो म्हनला, आमचे आबा नळीबिळीला गेलेच न्हाईत, नुसत्या काढ्यावर हाईत, अन् टवटवीत हाईत. वाळल्या पाल्याची पुडीबी दिली. पैका घेतला न्हाय, खरं सांगायचं तर." ते सृष्टीकडं वळले. "हीच का बाई ती, फ्लेक्सवरची? बाई, पुडी चालू हाय. पर आता चार दिसापस्नं तिचे डोळे पिवळे दिसाया लागलेत. म्हनलं इचारावं, पुडी वाढवायची का कसं."

अमरसिंह जमिनीकडं पाहत होता.

सृष्टीनं विचारलं, "पोट फुगलंय का काका?"

"जरा. लुगडं घट्ट व्हतंय म्हनती."

"झोप जास्त येते? बोलताना अडखळतात?"

"न्हाय. बोलती की. मला लई बोलती."

"मग काका, पुडी आजच बंद करा. आणि त्यांना आजच्या आज दवाखान्यात न्या. उद्या नाही."

शरणबसप्पा तिच्याकडं पाहत राहिले. मग ते तिच्याशी बोललेच नाहीत. ते आबांना म्हणाले, "लिंबाजीराव, तुमी जाताव का?"

आबांनी थर्मास मांडीमागं सरकवला.

"पोरगी शिकलेली हाय, खरं हाय," शरणबसप्पा म्हणाले. "पर म्या तुमच्याकडं बघून थांबलो. आपला माणूस, आपलीच नात, तरी दवाखान्यात गेला न्हाय, म्हंजी कायतरी बघूनच गेला नसंल. तुमी जाताव तर म्याबी नेतो. तुमी न्हाय जाणार, तर मग मला सांगा, का न्हाय."

"आधी जेवा," आबा म्हणाले. "पान वाढ गं त्यांला."

आणि ते उठून एकटेच बांधाकडं चालू लागले.

---

बांधावर भुईआवळ्याचं आता काही राहिलं नव्हतं. वाळक्या काटक्या तेवढ्या उभ्या होत्या. पावसाळ्यात हिरवागार असतो, तो या दिवसांत ओळखूही येत नाही. आबा तिथं बसले. चालताना थोडी धाप लागली होती, ती त्यांनी दाबून धरली.

मागून सृष्टी आली आणि शेजारी बसली. तिनं लगेच काही विचारलं नाही, म्हणून त्यांना बोलता आलं.

"तूच म्हनलीस नव्हं? आधी काच, मग उंदीर, मग माणूस. पंधरा वरसं जात्यात. मला पंधरा वरसं न्हाईत, सृष्टे. पर मला रोग हाय. म्हणून म्हनलं, तुझा वखत वाचवावा. पहिला माणूस म्या."



"हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? तुझी आज्जी कावीळ घिऊन बसली. तुझा बाप फ्लेक्स घिऊन बसला. म्या नळी करून घितली अन् बरा झालो, तर लोक म्हनतील नळीनं बरा झाला. तुझ्या पाल्याचं काय ऱ्हाईल? म्हणून न्हाय म्हनलं."

"आबा, मी अजून उंदरापर्यंतसुद्धा गेले नाही."

"मग बरंच की. उंदीर वाचला."

ती हसली आणि मधेच थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "समजा, तुम्ही बरे झालात. तरी मला ते कुठंच लिहिता येणार नाही."

"का? म्या सांगीन की, सही करून दीन."

"तुम्ही बरे झालात ते काढ्यानं, का मीठ सोडल्यानं, का तुमची गाठच मुळात सावकाश वाढणारी होती, हे कोण सांगणार? आबा, ज्वारीचा नवीन वाण आला तर तुम्ही एका ताटावरून ठरवता का?"

"ताट काय, पेरलेल्या एका तासावरनंबी ठरवत न्हाय. एक खेप काळ्या रानात बघायचं, एक खेप हलक्या रानात. पाऊस चांगला असताना, नसताना."

"मग?"

आबांनी मातीचं ढेकूळ हातात चुरडलं. मग म्हणाले, "आन् समजा मेलो?"

"तेही लिहिता येणार नाही. शरणबसप्पा काकांच्या लक्ष्मीबाईंचे डोळे पिवळे पडले ते पुडीनं, का रोगानं, का दवाखान्याची तारीख गेल्यानं, ते मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या कामात तुम्ही कुठंच येत नाही, आबा. आणि त्याही येत नाहीत."

हे वाक्य आबांना लागलं. तिला ते कळलं, पण तिनं ते मागं घेतलं नाही.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "पप्पांना सांगितलं नाही मी. काचेत गाठीच्या पेशी मेल्या, ते खरं. पण तेवढाच तेज अर्क चांगल्या लिव्हरच्या पेशींवर टाकला, तर त्याही मेल्या. मागच्या महिन्यात दिसलं. मॅडम म्हणाल्या, अर्कात बरीच द्रव्यं आहेत, एकेक वेगळं करून बघू. एखादं नुसतं गाठीलाच मारणारं निघेलही. निघेल किंवा नाही निघणार. आणि काचेत मी ते थेट पेशीवर टाकते. तुम्ही पिता ते पोटात जातं, तिथून लिव्हरमध्ये. किती पोचतं, मला माहीत नाही. आणि जे पोचतं ते निस्तरायचं काम पुन्हा त्याच आजारी लिव्हरला."

"म्हंजी भुईआवळा खोटा?"

"खोटा नाही. अजून कळलेला नाही."

आबांनी एक वाळकी काटकी मोडली.

"आपल्या दारात सदाफुली आहे ना," सृष्टी म्हणाली, "तिच्यातून रक्ताच्या कॅन्सरचं औषध निघालं. खरंच निघालं, लहान पोरं वाचतात त्यानं. पण पाला चावून कुणी वाचलं नाही. ढिगानं पाला घेतात तेव्हा चिमूटभर निघतं. ते मोजून नसेत देतात, आणि नसेबाहेर गळलं तर तिथलं मांस जळतं. झाडात औषध असतं, आबा. झाड म्हणजे औषध नसतं."

"हे तू दिवाळीत का न्हाय सांगितलंस?"

 "तुम्ही किती खूश होता," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं काम आवडलं म्हणून विचारताय. तुम्ही पिणार आहात, असं कुठं वाटलं."

कोपीपाशी जेवणं चालली होती. विठाबाई शरणबसप्पांना आग्रह करत होती आणि ते पानावर हात आडवा धरत होते. घास हातात घेऊन ते सारखे बांधाकडंच पाहत होते. आबांना तिथून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण मान वळलेली दिसत होती.

आयुष्यभर लोकांनी आबांकडं पाहून पेरलं होतं. लिंबाजीनं करडई घेतली की चार घरं करडई घेत. एखाद्या वर्षी त्यांचं चुकलं तर चार घरांचं चुकायचं. पण ते पीक होतं. पुढच्या वर्षी दुसरं घेता येत होतं.

"उठव मला," ते म्हणाले.

---

शरणबसप्पांच्या समोर येऊन आबा बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"जातो म्या. तुमी मघाशी इचारलं, का न्हाय, ते सांगतो. कायबी बघून न्हाय म्हनलो नव्हतो. नातीचं नाव व्हावं म्हणून म्हनलो. माजं मला कळंना, अन् तुमाला त्याच्यात गुंतवलं."

 शरणबसप्पांनी पानाला नमस्कार केला आणि हात धुतले.

"रणधीर, जीप काढ," आबा म्हणाले. "उद्या कशाला, आत्ताच निघू. वाट जळकोटवरनंच जाती. लक्ष्मीबाईला संगं घिऊ. शरणबसप्पा, तुमी मोरं जाऊन तिचं आवरा. रिपोर्ट घ्या सगळे, अन् काय काय पोटात गेलंय ते डॉक्टरला खरं सांगा. म्याबी सांगतो."

"अहो, पर येळवस," विठाबाई म्हणाली. "आंबील शिंपायची ऱ्हायली. सांच्याला कडब्याचा हेंडगा पेटवून शिवाराभोवती कोण फिरवणार? दरवर्षी तुमी फिरवताव."

"अमर फिरवील."

अमरसिंह कोपीच्या मागं उभा होता. "आबा, म्या काय वाईट करायला—"

"वाईट करायला न्हाय केलंस, ठावं हाय. तुझ्या आधी म्याच केलं. किती जणांला दिल्यास पुड्या?"

"असतील आठ-धा."

"उद्या सकाळधरनं एकेकाच्या घरी जायचं. फोन न्हाय करायचा, घरी जायचं. पुडी परत घ्यायची, अन् म्हातारा दवाखान्यात गेला म्हणून सांगायचं."

"लोक हसतील."

"हसू दे की. लोणच्याचे आवळे घिऊन आला व्हता, तवा आपुन हसलोच की त्याला."

राजेश्वरी एवढ्यात पहिल्यांदा हसली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, झाकून ठेवलेलं बिगरमिठाचं वाडगं डब्यात ओतलं आणि डबा सृष्टीच्या हातात दिला. "वाटंत चार घास खाऊ घाल त्यांला. सांच्याला सोलापुरात भावजींच्या मेव्हण्याकडं उतरा. तिथं आग्रह करत्यात. मीठ घालू दिऊ नगंस."

विठाबाई आबांजवळ आली. ती सकाळपासून काढ्याच्या बाजूनं होती आणि एवढ्यात बाजू बदलायची तिला लाज वाटत होती, हे आबांना दिसलं. ती म्हणाली, "माझ्या भावाची उतरली व्हती पर."

"उतरली व्हती की. म्या कुठं न्हाय म्हनलो?"

"म्या येऊ संगं?"

"तू रानातलं बघ. सून एकली पडती." मग म्हणाले, "उद्या ये. रणधीर पुन्ना येईल न्यायला."

---

जीप शिवाराबाहेर पडली तेव्हा दोन्ही बाजूंच्या रानांत कोप्या दिसत होत्या. माणसं पंगती धरून बसली होती. कुठं पोरं आंबील शिंपत पिकांतून पळत होती. ओळखीचे लोक हात वर करून जेवायला बोलावत होते, आणि रणधीर गाडी न थांबवता हॉर्न वाजवून पुढं जात होता. आबा पुढच्या सीटवर होते. थोडा वेळ ते पिकं बघत राहिले. मग मागं वळून म्हणाले, "उद्या नळीतनं सोडणार हाईत, ते औषध कशाचं असतंय?"

सृष्टीनं नाव सांगितलं. त्यांना ते उच्चारता आलं नसतं, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"कशापस्नं काढत्यात म्हनलो."

"मातीतल्या एका जंतूपासून. फार वर्षांपूर्वी परदेशात एका जुन्या किल्ल्याजवळची माती तपासायला नेली होती. तिच्यात तो जंतू सापडला."

"नुसती माती?"

"नुसती माती. मग पुढं बरीच वर्षं काम झालं."

"कुणाच्या रानातली?"

"ते कुठं लिहिलेलं नाही, आबा. असेल कुणाच्या तरी."

आबांनी मान हलवली. काचेबाहेर काळं रान मागं पळत होतं, मधूनच तुरीचे पिवळट पट्टे. हमरस्ता जवळ आला तसे ट्रक दिसायला लागले.

"मग औषध निघाल्यावर त्या शेतकऱ्याला कुणी सांगितलं असंल का?" त्यांनी विचारलं. "की बाबा, तुझ्या मातीतनं निघालं म्हणून?"

"माहीत नाही."

"न्हायच सांगितलं असंल," आबा म्हणाले.  मग जळकोट आलं तसे ते सावरून बसले आणि रणधीरच्या दंडाला हात लावून म्हणाले, "गाडी आत गल्लीत घे. तिला चालत हितवर आणायला लावू नगंस."